सहा महिन्यांचा शेजार



सुरत म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी हटकून आठवतात. एक, शिवछत्रपतींनी १६६४ आणि १६७० साली केलेली सुरतेची लूट. आणि दुसरी, सुरतेचे जेवण नि काशीचे मरण, ही गुजराती मंडळींची म्हण. खानदेशातल्या माणसाला मात्र सुरत आठवते ती तिसऱ्याच कारणाने. पावसाने दडी मारली, कपाशी हातची गेली किंवा घरात लग्न निघाले, की त्याला सुरत आठवते. भुसावळ पॅसेंजरमध्ये बसावे, अवेळी केव्हा तरी उतरावे आणि सकाळी कुणाच्या तरी ओळखीने कामाला लागावे, हा रिवाज आमच्याकडे पिढ्यांचा आहे. मीही असाच आलो. १९८१ साली अमळनेरच्या बाजूच्या एका खेड्यातून निघालो तो एक पत्र्याची पेटी आणि मामाने दिलेली चिठ्ठी घेऊन. ती चिठ्ठी ज्याच्या नावे होती तो गृहस्थ मला भेटलाच नाही; पण नोकरी मिळाली, आणि राहायला गाव मिळाले ते चलथाण.

सुरतेहून खानदेशाकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पडला. त्या मार्गावर उधना मागे टाकले की थोड्याच वेळात चलथाण येते. पुढे बारडोली, मढी, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार असे करीत गाडी जळगावला पोहोचते. मी आलो तेव्हा हा मार्ग एकेरी होता. समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची पॅसेंजर एखाद्या आडगावी तासभर उभी राहत असे, आणि त्या तासात डब्यातल्या माणसांचे आडनाव, गाव, सोयरीक यांचा सगळा उलगडा होत असे. आता मार्ग दुहेरी झाला आहे, वरून विजेच्या तारा गेल्या आहेत. वेळ वाचतो हे खरे. सोयरिकी किती बुडाल्या याची नोंद कोण ठेवतो?

चलथाणला सहकारी साखर कारखाना आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग जवळूनच जातो. आजूबाजूला, कडोदरे-पलसाण्याच्या अंगाने, कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्या आणि यंत्रमाग. अशाच एका गिरणीच्या कचेरीत मी हिशेबनीस होतो. पण आज मला गिरणीविषयी बोलायचे नाही. बोलायचे आहे ते शेजाऱ्यांविषयी. आणि तेही अशा शेजाऱ्यांविषयी, जे दिवाळीनंतर येत आणि उन्हाळा सरता सरता निघून जात.

प्रथम भाषेची एक गंमत सांगतो. गुजरातीत उसाला शेरडी म्हणतात. आमच्याकडे शेरडू म्हणजे शेळीचे पिल्लू, आणि शेरडे म्हणजे शेळ्या. चलथाणला आल्यानंतर आठ-दहा दिवसांनी आमच्या बिऱ्हाडाचे मालक सकाळी घाईघाईने निघाले होते. कुठे, असे विचारल्यावर ते म्हणाले, आज शेरडी कापायची आहे. किती, म्हणून मी विचारले, तर म्हणाले, अडीच एकर. अडीच एकर शेळ्या एका दिवसात कापणाऱ्या त्या शाकाहारी गृहस्थाकडे मी काही काळ निराळ्याच नजरेने पाहत होतो. पण अशा फजित्या थोड्या. खानदेशी माणसाला गुजराती फार परकी वाटत नाही. आमच्या अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, गुजरातीत ‘छे’ म्हणतात. आमच्याकडे ‘रामना बैल’, त्यांच्याकडे ‘रामनो बळद’. पुण्याच्या माणसाला जी अहिराणी ऐकून हसू येते ती सुरतेच्या बाजारात बिनतक्रार चालते, हे आम्ही अभिमानाने सांगतो.

आता उसाकडे वळू. हा प्रदेश काही पूर्वापार उसाचा नव्हे. येथे ज्वारी होती, कापूस होता. १९२८ साली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी ज्या वाढीव शेतसाऱ्याविरुद्ध लढा दिला आणि ज्या लढ्याने वल्लभभाईंना सरदार केले, तो सारा उसावरचा नव्हता. ऊस आला तो पाण्यामागून. काकरापारचा बंधारा १९५० नंतरच्या दशकात झाला, उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले, आणि तापीचे पाणी कालव्यांनी शेतोशेती फिरू लागले. हे धरण व्हायचे म्हणून १९६० साली मुंबई राज्य विभागताना पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवे या तालुक्यांतली काही गावे गुजरातकडे देण्यात आली. त्यांतली अनेक पुढे उकाईच्या जलाशयाखाली गेली. म्हणजे पाहा, ज्या डोंगराळ मुलखाच्या पायथ्याशी पाणी अडले, त्याच मुलखातली माणसे त्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला दरवर्षी खाली उतरतात. भिल्ल, मावची, कोकणी. साक्री, नवापूर, डांग, अक्कलकुवे. नद्यांची वाट माणसांनाही ठाऊक असते, असे म्हणावेसे वाटते. परंतु नदी उचल घेऊन येत नाही आणि माणसे उचल घेऊन येतात.

उचल म्हणजे काय, हे शहरी श्रोत्यांसाठी सांगायला हवे. पावसाळ्यात घरातले धान्य संपते तेव्हा मुकादम गावात येतो आणि रोकड रक्कम हातावर ठेवतो. ती झाली उचल. दिवाळीनंतर ती फेडायला यायचे. हंगामात पोटापुरती ज्वारी आणि थोडे पैसे मिळतात, त्याला खावटी म्हणतात. तीही हिशेबात धरली जाते. मजुरी टनावर, आणि हिशेब हंगामाच्या शेवटी. मोजणी माणसांची नसते, कोयत्यांची असते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. कुणी म्हणाले, या पडावात पंधरा कोयते आहेत, तर तीस माणसे समजावीत. आणि जी मुले, म्हातारी, बैल, शेळ्या, कोंबड्या, कुत्री आली असतील ती गणतीबाहेर. यान ब्रेमान या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीच्या परिसरातील या मजुरांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९८५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशातून येऊन एका गृहस्थाने जे बारकाईने पाहिले, ते माझ्या खिडकीतून दिसत असूनही मी कित्येक वर्षे पाहिले नाही.

१९८४ साली मी चलथाणला दोन खोल्यांचे घर बांधले. घराला लागून एका शेतकऱ्याची मोकळी जागा होती. कार्तिक महिन्यात एका पहाटे घुंगरांच्या आवाजाने मला जाग आली. बाहेर पाहतो तो दहा-बारा बैलगाड्या सुटलेल्या. कोंडाईबारीचा घाट उतरून, नवापूर, सोनगड, व्यारा असे मुक्काम करीत ती माणसे आली होती. गाड्यांवर बांबू, चटया, मडकी, जाते, वर बांधलेल्या कोंबड्या आणि त्याहून वर लहान मुले. गाड्याबरोबर नळ्याला यात्रा म्हणतात, तसे प्रत्येक गाडीखाली सावलीसावलीने चालत आलेले एक कुत्रेही होते. सूर्य कासराभर वर येईपर्यंत उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या, तीन तीन दगडांच्या चुली पेटल्या, आणि मला शेजार मिळाला.

तो मला नको होता, हे मी कबूल करतो. आमच्या आळीतली सारी खानदेशी मुले त्या जागेवर क्रिकेट खेळत. पडाव पडला की त्यांचे क्रिकेट आखाजीपर्यंत बंद. शिवाय धूर, शेण, रात्री-अपरात्री गाड्यांची हाकाटी. दुसऱ्याच दिवशी एक बाई कळशी घेऊन आमच्या दाराशी आली आणि तिने मला ‘शेठ’ म्हणून हाक मारली. नळाला पाणी बेताचेच येते, असे मी तिला सांगितले. ते खोटे नव्हते. पण ते सांगताना मी गुजरातीत बोललो. मी अहिराणी बोललो असतो तर तिने लगेच गाव विचारले असते, आणि मग गाव सांगितल्यावर पाणी नाही म्हणता आले नसते. नोकरीला लागून तीन वर्षे झाली होती, घराला प्लास्टर झाले होते, आणि मी त्याच वाटेने आलो होतो हे त्या बाईला कळू नये, अशी माझी इच्छा होती. आमच्या आळीतल्या पुष्कळ घरांची ती होती. अजूनही आहे, असे म्हटले तर मंडळी रागावतील, पण आहे.

पाणी दिले ते आमच्या मंडळींनी. मी गिरणीत गेल्यावर तिने मागच्या दाराने कळश्या भरू दिल्या, आणि हे मला महिन्याभराने कळले, तेही तिच्याकडून नव्हे. पडावातला एक लहान मुलगा मला रस्त्यात ‘नाना’ म्हणाला. शेठचा नाना केव्हा झाला याचा तपास लावताना मागच्या दाराचा पत्ता लागला.

मग मी पाहू लागलो. पहाटे चारच्या सुमारास चुली पेटत. भाकरी थापण्याचा तो टपटप आवाज ऐकत मी अंथरुणात पडून राहत असे. उजाडता उजाडता कोयते शेतात. पुरुष बुडख्याशी वाकून ऊस तोडी. अगदी जमिनीलगत तोडायचा, कारण उसाची गोडी बुडख्याकडे अधिक असते. बाई पाचट काढी, शेंडा छाटी, मोळ्या बांधी. मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक उतरत जाते, म्हणून तो लवकरात लवकर गाळला गेला पाहिजे. यंत्र थांबत नाही, त्यामुळे माणसालाही थांबता येत नाही. आमच्याकडे ज्याला गळीत म्हणतात त्याला इकडे पिलाण म्हणतात, आणि पिलाण चालू असले की रात्र आणि दिवस हा भेद उरत नाही. रात्री बारा वाजता वाहन आले तर बारा वाजता उठून भरावे लागे. शंभर टन उसातून दहा-अकरा टन साखर निघते, हे मी हिशेबनीस म्हणून सांगू शकतो. शंभर टन उसामागे किती झोप जाते, हे कुठल्या खात्यात मांडावे?

हंगामात हातात रोख पैसा येई तो बहुधा वाढ्यांचा. उसाचे हिरवे शेंडे म्हणजे वाढे. ते बैलांना घालून उरलेले गवळ्यांना विकायचे. त्या पैशांत चहा, तंबाखू, तेल, मुलांच्या गोळ्या. बैलांचे पोट आधी भरे, हे मी मुद्दाम सांगतो. डांबरी रस्त्यासाठी त्यांच्या खुरांना नाल मारलेले असत. कारखान्याच्या आवारात रांगेत तास-दोन तास उभे राहावे लागे तेव्हा गाडीवान गाडीवर आणि बैल जुवाखाली डोळे मिटून झोपत. जुवाने एखाद्याचा खांदा आला की रात्री हळद-तेल कढवून लावण्याचा कार्यक्रम चाले. त्या वेळी सबंध पडाव त्या बैलाभोवती जमे. माणसाला ताप आला तर गोळी आणून देत. बैलाला काही झाले तर मात्र कुणी जेवत नसे. यात निष्ठुरपणा नव्हता. बैल गेला तर गाडी गेली, गाडी गेली तर पुढची उचल गेली.

आणि एक. बैलांचा सण पोळा. तो श्रावणी अमावास्येला येतो. त्या वेळी बैल आपल्या गावी, शिंगांना रंग लावून घेत असतात. डोंगरातल्या माणसांचा मोठा सण होळी. सातपुड्यात काठी संस्थानाची होळी प्रसिद्ध आहे. होळी जवळ आली की उचल, मुकादम, पिलाण कशाचीही भीड न धरता माणसे गावी निघत. भुसावळ पॅसेंजरला दारात लोंबकळून गर्दी. नवापूरच्या स्थानकावर दोन राज्यांची सीमा फलाटावरून जाते. एक बाक तर असा आहे की त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. होळीच्या गर्दीत त्या बाकावर माणसे कुठल्या राज्यात बसली आहेत हे पाहायला कुणाला सवड नसे. थोडक्यात, चलथाणला मी पोळा पाहिला तो बैलांवाचून आणि होळी पाहिली ती त्या माणसांवाचून.

असे काही हंगाम गेले. आमच्या मुलांनी कोप्यांच्या पलीकडे उरलेल्या पट्टीत खेळायला सुरुवात केली. एका रविवारी एक खेळाडू कमी पडला म्हणून त्यांनी पडावातल्या एका पोराला घेतले. गोफणीने पाखरे उडवण्यात तयार झालेला तो हात. त्याने टाकलेला पहिला चेंडू कुणाला दिसलाच नाही, तिसऱ्याने उसाच्या कांड्यांचे यष्टी उडवले. त्या दिवसापासून कार्तिकाची वाट मुलेही पाहू लागली.

या पडावात एक कुटुंब नेहमी आमच्या कुंपणालगतच कोपी बांधी. त्यांच्या कुत्र्याचे नाव मोत्या. रंगाने मातकट, एक कान पडलेला. गाडीखाली चालणाऱ्या कुत्र्याला वाटते की गाडी आपणच ओढतो, असे लोक थट्टेने म्हणतात. मोत्याच्या बाबतीत ती थट्टा मला पटत नाही. आईबाप उसात गेले की कोपीत उरे आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि जुनेराच्या झोळीत तिचा तान्हा भाऊ. मुलगी सरपणाला किंवा पाण्याला गेली की झोळीखाली मोत्या. कोंबडीला फिरकू देत नसे, मला तर नाहीच. त्या घरात सगळ्यांना काम होते, आणि मोत्याचे काम सर्वांत निकडीचे होते.

मुलगी गावाकडे तिसरीत होती. म्हणजे हजेरीपटावर तिसरीत. दिवाळीनंतर शाळेत तिची जागा रिकामी. चलथाणला तिच्या वाटेवर होती ती गुजराती शाळा. एक दिवस फलक पाहून ती आमच्या मंडळींना म्हणाली, “मावशी, या अक्षरांची छपरे कुणी नेली?” गुजराती अक्षरांना डोक्यावरची रेघ नसते, हे मी इतकी वर्षे रोज पाहत होतो, छप्पर उडाल्याचे मला कधी सुचले नव्हते. त्या संध्याकाळपासून ती आमच्या ओट्यावर बसू लागली. मी गावी गेलो होतो तेव्हा तिच्यासाठी बालभारतीचे तिसरीचे पुस्तक आणले. ती वाचे, मी कचेरीचे कागद तपाशी, आणि मोत्या पायरीखाली, झोळी दिसेल अशा बेताने, बसे. पायरी त्याने कधी ओलांडली नाही. वजनाच्या पावत्या वाचायला ती शिकली, तेव्हा तिचा बाप संध्याकाळी पावती घेऊन तिच्यासमोर बसू लागला. पावतीवरचा आकडा मोठ्याने वाचून घेतल्यावर तो काही बोलत नसे. पण दोन वेळा वाचायला लावी.

तिसऱ्या हंगामात त्यांची गाडी आली नाही. ती माणसे ट्रकमधून उतरली. एक बैल पावसाळ्यात गेला होता, दुसरा विकला होता. तशा सगळीकडेच बैलगाड्या कमी होत चालल्या होत्या, ट्रक आणि ट्रॅक्टर वाढत होते. मोत्या ट्रकमधून उडी मारून उतरला तेव्हा त्याला चालता येईना. दोन दिवस तो खाली बघत बघत पाय टाकीत होता. ज्या सावलीत तो आजवर चालला होता ती सावली नाहीशी झाली होती, असे मला उगीच वाटले.

तो हंगाम १९९१ सालच्या दिवाळीनंतरचा. मे महिन्यात पडाव उठला. हिशेब झाला, उचल फिटून थोडी बाकी अंगावर राहिली, असे तिचा बाप म्हणाला. पावत्या सगळ्या जपून ठेवल्या होत्या, मुलीने बेरीज केली होती, मीही ताडून पाहिली. बेरीज बरोबर होती. बाकीही बरोबर होती. ट्रकमध्ये आठ कोयते, त्यांची बोचकी, कोंबड्या, दोन शेळ्या. मुकादमाने शेळ्या चढवू दिल्या, कुत्रा नको म्हणाला. शेळीला किंमत असते. मी दारात उभा होतो. माझा शब्द मुकादमाने कदाचित मानला असता; मी पांढऱ्या कपड्यातला माणूस होतो. पण दुसऱ्याच्या व्यवहारात कशाला पडा, असा विचार मी केला, आणि तो विचार संपेपर्यंत ट्रक निघाला. मुलगी ओरडली नाही. ती फळीला धरून मागे पाहत होती.

मोत्या महामार्गापर्यंत ट्रकमागे धावत गेला. संध्याकाळी परत आला, तो आमच्याकडे नव्हे. कोपीच्या जागी जे तीन दगड राहिले होते त्यांच्या मधोमध, राखेत, जाऊन बसला. आमच्या मंडळींनी भाकरी टाकली. दोन दिवस त्याने शिवली नाही. पुढे खाऊ लागला. पण भाकरी तोंडात धरून दगडांपाशी न्यायची आणि तिथे खायची. पावसाळ्यात ती जागा गुडघाभर पाण्याने भरते. तेव्हा तो नाइलाजाने ओट्यावर आला. मुलगी जिथे पुस्तक घेऊन बसे त्याच कोपऱ्यात. पुस्तक घाईत आमच्याकडेच राहिले होते.

त्या पावसाळ्यात कानबाईच्या उत्सवाला आमच्या आळीत नेहमीप्रमाणे रोट झाले, मिरवणूक निघाली. सुरतेचे खानदेशी लोक कानबाई थाटात करतात. आम्ही कसे गाव सोडून आलो आणि तरी गाव सोडले नाही, अशा अर्थाची भाषणेही होतात. त्या वर्षी मला बोलायला सांगितले होते. मी प्रकृतीचे कारण सांगून घरी बसलो.

कार्तिकात पडाव आला. ट्रक थांबला तसा मोत्या धावला. प्रत्येक माणसाला हुंगून झाले, आणि तो पुन्हा दगडांकडे गेला. ते कुटुंब आले नव्हते. मागची बाकी फेडायला त्यांनी दुसऱ्या मुकादमाकडून उचल घेतली होती आणि ते मढीच्या बाजूला पडले आहेत, असे इतरांकडून कळले. ही काही फार लांबची जागा नव्हे. पॅसेंजरने तासाभराची वाट. तरी जायला मला महिना लागला. कचेरीचे काम होते, हे सांगायला ठीक आहे. खरे म्हणजे काय म्हणून जायचे, हे मला ठरवता येत नव्हते. शेवटी आमची मंडळी म्हणाली, “कुत्रे पोचवायला जा. त्याला काही लागत नाही.”

ओळखीच्या एका टेम्पोत मोत्याला घेऊन मी निघालो. पुस्तक पिशवीत होते. पडाव शोधायला दुपार झाली. कोप्यांत कुणी मोठे माणूस नव्हते. एका म्हाताऱ्याने शेताकडे हात केला. शेताच्या बांधावर मोत्या थबकला, नाक वर केले, आणि उभ्या उसात घुसला. कुठून तरी मुलीचा आवाज आला. मग बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. एका वर्षात उंच झाली होती. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, अंगावर बापाचा जुना सदरा, हातात कोयता. झोळीतला भाऊ आता दुडुदुडु चालत होता, आणि मोत्या त्याच्याभोवती वेड्यासारखा फिरत होता.

आई आजारी आहे, म्हणून मी लागते, असे ती म्हणाली. आमच्या मंडळींची चौकशी केली. मग मोत्या भाकरी किती खात होता, ते विचारले. मी म्हणालो, दोन सकाळी, दोन रात्री. तिने मनाशी काही हिशेब केला आणि गप्प राहिली. तो हिशेब कशाचा होता हे मला कळले, आणि मी घाईघाईने पुस्तक काढले.

तिने हात सदऱ्याला पुसले, पुस्तक घेतले, चाळले. एका पानावर बोट ठेवून दोन ओळी वाचल्या. अडखळत, पण वाचल्या. मग मिटून मला परत दिले.

“तुमच्याकडेच राहू द्या, नाना,” ती म्हणाली. “इथे शेरडे खाऊन टाकतील.”

कोप्यांपाशी दोन शेळ्या बांधलेल्या होत्या, हे खरे. आणि चारी बाजूंना, नजर पोचेल तिथवर, ऊस उभा होता. तिला कोणती शेरडे म्हणायची होती, ते मी विचारले नाही. तिकडून कुणीतरी हाक मारली, तशी ती वळली आणि उसात शिरली.

परतताना मी पॅसेंजरने आलो. चलथाणला उतरलो तेव्हा अंधार पडला होता आणि कारखान्याचा भोंगा होत होता. ती मोकळी जागा आता राहिलेली नाही. तिथे यंत्रमागांची शेड आहे, आणि तिचा खडखडाट आम्हाला रात्रंदिवस ऐकू येतो. पडाव आता कालव्याच्या पलीकडे पडतो. पुस्तक आमच्या कपाटात आहे.